पुढच्या तीन चकत्यांची एक कशी झाली

सायकलच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती गिअरची? एकवीस ऐकलं की गिऱ्हाईक खूश, बारा ऐकलं की तोंड वाकडं, आणि बाराची किंमत जास्त निघाली की वादच. पण दौलताबादच्या घाटात, दगडी दरवाजाच्या अलीकडे, मागून एसटीचा हॉर्न वाजत असताना पायांना गिअरची संख्या कळत नाही. सगळ्यांत हलका गिअर किती हलका आहे, तेवढंच कळतं. पायडलला जोडलेल्या पुढच्या तीन दातेरी चकत्यांची एक झाली ती याच हलक्या गिअरच्या मागे लागून.

गिअरचं आणि चढाचं नातं जुनं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारे पॉल द व्हिव्ही डोंगरात गिअर हवेतच म्हणून भांडत होते. तिकडे टूर द फ्रान्सवाल्यांना ती पळवाट वाटे. शर्यतीत डिरेलरला, म्हणजे चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली ती थेट 1937 मध्ये.

माउंटन बाइक कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात जन्मली. तिथली ‘रीपॅक’ शर्यत 1976 मध्ये सुरू झाली, तीही उताराची. वजनदार जुन्या सायकली ट्रकमध्ये टाकून किंवा ढकलत वर न्यायच्या आणि खाली सुटायचं. चढ पायडल मारत चढायची हौस वाढली तेव्हा लांब पल्ल्याच्या टुरिंग सायकलींवरून तीन चकत्यांचा क्रँक (पायडलचा दांडा) उचलला गेला. स्पेशलाइज्ड कंपनीची 1981 ची स्टंपजंपर ही माउंटन बाइक पंधरा गिअरची होती, पुढे तीन चकत्या आणि मागच्या चाकाला पाच दातेरी चाक्या. मागे तेव्हा फार चाक्या मावत नव्हत्या, म्हणून वाढ पुढे झाली. तीन चकत्या ही मुळात सोय होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मागे नऊ चाक्या आल्या आणि जाहिरातीत 27 हा आकडा झळकू लागला.

हा आकडा फसवा होता. पुढे 44-32-22 आणि मागे 11 ते 34 दाते धरले, तर एका चकतीवरचे बरेच गिअर दुसरीवरच्यांशी जवळपास जुळतात. मोठी चकती आणि मागची मोठी चाकी अशी तिरकी जोडी तर चेनच्या जिवावर उठते, ती वापरायचीच नसते. वर पुढचं डिरेलर म्हणजे डोकेदुखी. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात सायकल घातलेल्याला हे सांगायला नको. डिरेलरचा पिंजरा आणि फ्रेम यांच्यामध्ये चिखलाचा गोळा बसतो, तो वाळून विटेसारखा होतो, आणि ऐन चढाच्या तोंडाशी छोट्या चकतीवर जाताना चेन पडते.

पुढची चकती काढायची तर मागे जागा करावी लागणार होती. 2009 मध्ये स्रॅम या कंपनीने एक्सएक्स या गिअर-संचात पुढे दोन, मागे दहा आणि 36 दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाक्यांचा जुडगा) दिली. मग मागच्या डिरेलरमध्ये क्लच आला. गोट्यांवरून आदळताना चेन सैल पडून फडफडणं त्याने आवरलं. 2012 च्या एक्सएक्स1 मध्ये चकती एकच, मागे 10 ते 42 दाते. खरी करामत त्या चकतीच्या दात्यांत होती. एक दाता जाड, पुढचा बारीक, चेनच्या रुंद-अरुंद कड्यांशी जुळवलेले. त्यामुळे पुढे डिरेलर किंवा गार्ड नसतानाही चेन जागची हलत नाही. (म्हणूनच या चकत्या 30, 32, 34 अशा सम दात्यांच्याच मिळतात.) पुढचं डिरेलर चालवणारा डावा हात मोकळा झाला, तिथे सीट वरखाली करायचा लिव्हर आला.

तरी चढाचा हिशेब अजून जुळत नव्हता. तो स्रॅमच्याच 2016 च्या, मागे बारा चाक्यांच्या ईगल संचातल्या 10-50 कॅसेटने आणि 2018 मध्ये शिमानो कंपनीच्या 10-51 ने जुळवला. जुन्या 22 च्या चकतीला मागे 34 लावले की पायडलच्या एका फेरीत चाक 0.65 फेरी फिरतं; 32 ला 51 लावले की 0.63. एकट्या चकतीचा गिअर तिघींच्या गिअरपेक्षा हलका झाला. 2020 मध्ये हे शिमानोच्या डिओर या स्वस्त संचापर्यंत उतरलं आणि सामान्य माणसाच्या विचारात येऊ लागलं.

आता दुकानातली एकवीस गिअरची सायकल घ्या. पुढे छोटी चकती बहुधा 24, मागे मोठी चाकी 28, म्हणजे 0.86. मिनिटाला साठ फेऱ्या मारायच्या तर 29 इंची चाकावर ताशी सात किलोमीटरचा वेग राखावा लागतो, 0.63 ला पाच चालतो. म्हैसमाळ चढताना हा फरक छातीत जाणवतो. मात्र एक चकती म्हणजे आपोआप सोपा घाट, असंही नाही. 32 ची चकती आणि मागे 34 पर्यंतच कॅसेट असलेल्या स्वस्त सायकली मिळतात. त्यांचा हलका गिअर 0.94, म्हणजे एकवीसवालीपेक्षाही जड. असली सायकल लातूरच्या सपाटीवर ठीक, मांजरसुंबा घाटात नाही.

आपल्याकडे घाट तुटक आणि मध्ये लांबच लांब पठार, त्यामुळे सपाटीला एक चकती कमी पडेल ही शंका हमखास निघते. 32 ला 10 लावून नव्वद फेऱ्यांना ताशी चाळीसच्या आसपास वेग मिळतो. उन्हात, समोरच्या वाऱ्यात तेवढा कोण काढतो!

अडचण खरी आहे ती सुट्या भागांची. 10 दात्यांची चाकी बसायला मागच्या चाकाचा हब (मधला तुंबा) वेगळा लागतो आणि कॅसेट महाग. जिल्ह्याच्या गावी मिळतो तो जुन्या पद्धतीचा हब, त्यावर 11 पासूनचीच कॅसेट बसते. शिमानोच्या 2023 च्या क्यूज मालिकेतली 11-50 याच हबवर चढते, आणि पुढे 30 ची चकती लावली तर हलका गिअर 0.60 पडतो. गौताळ्याच्या मुरमाड चढांसाठी मी हीच जोडी सुचवेन.