व्होट स्कोअरकार्ड (अमेरिकन काँग्रेस)

व्होट स्कोअरकार्ड म्हणजे अमेरिकेतल्या खासदारांचं प्रगतिपुस्तक, फक्त इथे मार्क देणारे मास्तर म्हणजे व्यापारी संघटना. कामगार संघटना, पर्यावरणवालेही असली कार्डं काढतात, पण उद्योगजगतात सगळ्यात नावाजलेलं कार्ड यूएस चेंबर ऑफ कॉमर्सचं. संस्था १९१२ची, मार्क द्यायला सुरुवात १९६५पासून.

पद्धत तशी सोपी. वर्षभरात सभागृहात शेकडो मतदानं होतात, त्यातली संघटनेला महत्त्वाची वाटणारी थोडीच निवडायची, टॅक्स, कामगार कायदे, आयात-निर्यात वगैरे, आणि खासदाराने किती वेळा आपल्या बाजूने मत दिलं त्याची टक्केवारी काढायची. १० पैकी ७ वेळा आपल्या बाजूने, म्हणजे ७० टक्के. गंमत म्हणजे पेपर परीक्षकच आधी फोडतो! मतदानाच्या आधी खासदारांना पत्र जातं की हे मत आम्ही स्कोअरकार्डात धरू शकतो, त्यामुळे कार्ड हे नुसतं मोजमाप न राहता दबाव टाकायचं साधनच होऊन बसतं. आणि कुठली मतं मोजायची हे संघटनाच ठरवणार, म्हणून खरा खेळ बेरजेत नाही, निवडीत आहे.

बरं, सगळे धंदेवाले एका सुरात बोलतात असंही नाही. छोट्या दुकानदार-उद्योजकांची संघटना एनएफआयबी आधी सभासदांचा कौल घेते मग भूमिका ठरवते, आणि ७० टक्के किंवा त्याहून जास्त मिळवणाऱ्या खासदारांना पुरस्कार देते. २०१५ला एक्झिम बँकेवरून (निर्यातीला कर्ज-हमी देणारी अमेरिकन सरकारी बँक) तर चेंबर बँक वाचवायला निघालेलं आणि करकपातवाला क्लब फॉर ग्रोथ ती बंद करा म्हणत होता, म्हणजे एकच मत, एका कार्डात प्लस, दुसऱ्यात मायनस.

२०१९ला चेंबरने हिशोब बदलला, ८० टक्के वजन मतांना, उरलेलं २० पुढाकार आणि दुसऱ्या पक्षासोबत मिळून केलेल्या कामाला. पुढच्याच वर्षी त्यांनी पहिल्यांदा निवडून आलेल्या २३ डेमोक्रॅट खासदारांना पाठिंबा दिला, तेव्हा रिपब्लिकन नेते जाम भडकले.

आपल्याकडे हे जमणं अवघड, कारण १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडला तर पदच जाऊ शकतं आणि बरीचशी विधेयकं आवाजी मतदानाने पास होतात, मग कोणी काय मत दिलं याची नोंदच नसते. म्हणून मुंबईतली प्रजा फाउंडेशन आमदारांचं प्रगतिपुस्तक काढते तेव्हा त्यात हजेरी, विचारलेले प्रश्न असल्या गोष्टी मोजतात.