आकडा उत्प्रेरकाचा की नळीचा? प्रयोगशाळेतील रिॲक्टरची पार्श्वभूमी

उत्प्रेरक नळीत भरला, तापवला, वायू सोडला आणि दुसऱ्या टोकाला काय निघाले ते मोजले, की त्या उत्प्रेरकाने अभिक्रिया किती वेगाने घडते ते कळले, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हाती आलेल्या आकड्यात उत्प्रेरकाचा वाटा किती आणि नळीचा किती, हे वेगळे काढण्याच्या खटाटोपातूनच रिॲक्टर म्हणवणाऱ्या या उपकरणांचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास घडला आहे, आणि त्यातला काही भाग पुण्यात पाषाण रस्त्यावर घडला आहे.

१९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी उच्च दाबाखाली अमोनिया तयार करून दाखवला, परंतु त्यांचा ऑस्मियम उत्प्रेरक दुर्मीळ होता. स्वस्त पर्याय शोधण्याचे काम बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश यांच्याकडे आले. त्यांच्या गटाने दाब सोसणारे छोटे रिॲक्टर वापरले, ज्यांतली उत्प्रेरकाची कुपी काढून चटकन दुसरी बसवता येत असे. हजारो चाचण्यांमध्ये स्वीडनमधल्या एका लोहखनिजाचा नमुना इतर लोखंडाहून सरस ठरला, आणि त्यातल्या अल्प घटकांचा माग काढत ॲल्युमिना व पोटॅश मिसळलेला लोह उत्प्रेरक हाती लागला. या यशाचे श्रेय रसायनाइतकेच त्या बदलता येणाऱ्या कुपीलाही द्यायला हवे.

पुढची अडचण सूक्ष्म होती. अर्नेस्ट थीले यांनी १९३९ मध्ये गणिताने दाखवले की अभिक्रिया जलद असेल तर वायू उत्प्रेरकाच्या कणाच्या गाभ्यापर्यंत पोहोचण्याआधीच संपतो. म्हणजे मोजलेला वेग विसरणाने, म्हणजे वायूच्या आत झिरपण्याच्या मंद गतीने, दबलेला असतो. म्हणून आजही नमुना चाळून बारीक कण घेतात, क्वार्ट्झच्या लोकरीवर त्याचा थर बसवतात, उष्णता साचू नये म्हणून त्यात सिलिकॉन कार्बाइड मिसळतात आणि थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या तारांचे) टोक थराच्या मधोमध ठेवतात. नळीचा व्यास कणाच्या किमान दहापट आणि थराची लांबी किमान पन्नासपट असावी, हा ढोबळ नियमही वायू कडेने निसटू नये आणि थरात मागेपुढे मिसळू नये यासाठीच आहे. वायू सर्वत्र सारखा मिसळावा म्हणून जेम्स कारबेरी यांनी १९६४ मध्ये उत्प्रेरक जाळीच्या टोपलीत भरून टोपलीच फिरवली; पुढे जोसेफ बर्टी यांनी थर स्थिर ठेवून आतल्या पंख्याने वायू खेळवला.

१९५० मध्ये पुण्यात पाषाण रस्त्यावर उद्घाटन झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (एनसीएल) पहिले संचालक जे. डब्ल्यू. मॅकबेन हे स्वतः अधिशोषणाचे, म्हणजे पृष्ठभागावर रेणू चिकटण्याचे, अभ्यासक होते. परंतु येथे रिॲक्टरच्या मोजमापाची शिस्त रुजवली ती एल. के. दोराईस्वामी यांनी. १९५४ मध्ये ते एनसीएलमध्ये आले आणि १९७८ ते १९८९ या काळात संचालक होते. १९७४ मध्ये त्यांनी एका सहलेखकासह प्रयोगशाळेतील उत्प्रेरकी रिॲक्टरांचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला, आणि कोणत्या अभिक्रियेला कोणता रिॲक्टर योग्य, हा प्रश्न त्यात पद्धतशीरपणे हाताळला.

दरम्यान पृष्ठविज्ञान, म्हणजे पदार्थांच्या पृष्ठभागाचा अभ्यास, दुसऱ्याच टोकाला गेले होते. तेथे अतिनिर्वात पोकळीत, चकचकीत स्फटिकावर रेणू मोजले जात, तर कारखान्यात दाब शेकडो वातावरणांपर्यंत जातो. ही दरी नुसती आकड्यांची नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या ऑक्सिडीकरणात रुथेनियम धातू निर्वातात मंद असतो, पण ऑक्सिजनचा दाब वाढला की त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि तोच जोमाने काम करू लागतो. ज्या धातूचा अभ्यास चालला होता, तो कामाच्या वेळी तेथे नसतोच! म्हणून उत्प्रेरक वायूत, तापलेल्या अवस्थेतच पाहण्याची गरज भासली. पुण्यात वाढलेल्या आणि येथेच रसायनशास्त्र शिकलेल्या प्रतिभा गाई यांनी एडवर्ड बॉइज यांच्यासह १९९० च्या दशकात असा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक घडवला, ज्यात वायूच्या सान्निध्यातील उत्प्रेरक अणूंच्या पातळीवर दिसू लागला.

उत्प्रेरकावर प्रकाश टाकून मिळणारा वर्णपट आणि अभिक्रियेचा वेग एकाच वेळी मोजण्याची ऑपरँडो पद्धत या शतकात रूढ झाली, आणि तिने जुना प्रश्न पुन्हा पुढे आणला. प्रकाश आत-बाहेर जाण्यासाठी खिडकी असलेल्या कुपीत बराचसा वायू नमुन्याला न शिवताच निघून जातो, आणि खिडकीकडची बाजू तापकाकडच्या बाजूपेक्षा थंड राहते. त्यामुळे अशा कुपीतला वेग साध्या नळीतल्या वेगाशी जुळतो की नाही हे तपासल्याशिवाय तो वर्णपट कामातल्या उत्प्रेरकाचा मानू नये, असे माझे ठाम मत आहे.