गीझरच्या कॉइलवर पांढरा थर का बसतो?

गीझर उघडून कॉइल बाहेर काढली की ग्राहक हमखास विचारतात, "पाणी तर काचेसारखं नितळ येतं, मग ही घाण आली कुठून?" ती घाण नव्हे. पाण्यात विरघळून घरापर्यंत आलेला तो दगड आहे.

पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण, तर हायड्रोजनकडची किंचित धन असते. मीठ टाकलं की हे रेणू त्याच्या कणांना चहूबाजूंनी घेरून सुटे करतात. 100 मिली पाण्यात 35 ग्रॅम मीठ सहज जिरतं. चुनखडीचे कण मात्र एकमेकांना घट्ट धरून असतात. शुद्ध पाण्यात ती लिटरला जेमतेम 15 मिलिग्रॅम विरघळते. पण जमिनीत मुरणारं पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि पुण्याखालच्या काळ्या बेसॉल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यात उतरतं. म्हणून बोअरचं पाणी जड. खडकवासल्याचं पाणी धरणात साठलेलं पावसाचंच, त्यामुळे बरंच मऊ.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की सगळे गीझरची काळजी करतात. गढूळपणा म्हणजे तरंगणारी माती; ती तुरटीने खाली बसते. विरघळलेले क्षार तुरटीलाही दाद देत नाहीत आणि गाळणीलाही. आमच्या मते जास्त लक्ष त्या नितळ पाण्याकडे हवं.

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे क्षार नेमके उलट वागतात. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट, म्हणजे जेमतेम विरघळणारी चुनखडी, होतं आणि सगळ्यांत गरम जागी, म्हणजे कॉइलवर, चिकटतं. मग उष्णता पाण्यात जाईना, कॉइल आतल्या आत तापते आणि शेवटी जळते. थर्मोस्टॅट 75 ऐवजी 60 अंशांवर ठेवलात तर थर सावकाश धरतो.

सोसायटीत बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर प्रयोगशाळेतून कठीणपणा, म्हणजे पाण्याचा जडपणा, तपासून घ्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालतो. टीडीएस मीटर विरघळलेल्या सगळ्याचा एकत्र आकडा दाखवतो, त्यातलं थर धरणारं किती हे त्यावरून कळत नाही.

गीझरमध्ये घरच्या घरी ॲसिड ओतू नका, ते तांब्याची कॉइल आणि टाकी दोन्ही खातं. त्यासाठी आम्हाला बोलवा. चहाच्या केटलीला मात्र लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व पुरे. तासाभरात बुडबुडे येऊन थर सुटतो. तो बुडबुडा म्हणजे थरात अडकलेला कार्बन डायऑक्साइडच.