अतींद्रिय शक्तीचा गुप्तहेर: एक बंदी आणि तिच्या आधीची-नंतरची परंपरा

रहस्यकथेतल्या गुप्तहेराला एखादी अतींद्रिय शक्ती द्यायची म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो. मृताशी बोलता येत असेल किंवा संशयिताच्या मनातले वाचता येत असेल, तर खुनी दुसऱ्याच पानावर सापडेल आणि वाचकाला तर्क लढवायला काही उरणारच नाही. हा आक्षेप रहस्यकथेइतकाच जुना असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्याला लेखी नियमाचे रूप मिळाले ते १९२८ ते १९३० या दोन-तीन वर्षांत. त्याआधी असे गुप्तहेर होते आणि त्यानंतरही ते येत राहिले. त्यांच्यापैकी ज्यांच्या कथा आजही वाचाव्याशा वाटतात, त्यांच्या लेखकांनी बहुतेक वेळा एक पथ्य पाळलेले दिसते: शक्तीमुळे गुप्तहेराला माहिती मिळते, पुरावा मात्र त्याला स्वतःच मिळवावा लागतो.

हे पथ्य सर्वांत स्पष्ट दिसते ते चीनच्या जुन्या न्यायकथांत. तिथे गुप्तहेराचे काम जिल्ह्याचा न्यायाधीशच करतो, आणि त्याला स्वप्नात दृष्टांत होणे किंवा मृताच्या आत्म्याने त्याच्याकडे दाद मागणे यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. अकराव्या शतकातला न्यायनिष्ठ अधिकारी बाओ झेंग (९९९–१०६२) पुढे लोककथांचा नायक झाला, तेव्हा तो दिवसा माणसांचा आणि रात्री परलोकाचा न्यायनिवाडा करतो अशी आख्यायिका त्याच्याभोवती तयार झाली. डच मुत्सद्दी आणि चिनी विद्येचे अभ्यासक रॉबर्ट व्हान ह्यूलिक यांनी १९४९ साली न्यायाधीश दी यांच्यावरील एका अठराव्या शतकातल्या चिनी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद तोक्यो येथे प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य वाचकाला रुचावी म्हणून त्यांनी मुद्दाम अशी कादंबरी निवडली होती, जिच्यात अद्भुताचे प्रमाण इतरांच्या मानाने कमी आहे. तरीही तिच्यातले एक प्रकरण या विषयासाठी फार बोलके आहे. एका माणसाच्या कबरीपाशी न्यायाधीशाला अमानवी खूण मिळते आणि त्याचा संशय बळावतो, म्हणून तो प्रेत उकरून काढण्याचा हुकूम देतो. पण तपासणीत प्रेतावर मारहाणीची वा विषाची एकही खूण सापडत नाही, आणि कारण नसताना थडगे उघडल्याचा दोष उलट न्यायाधीशाच्याच माथी येतो. तत्कालीन चिनी न्यायपद्धतीत आरोपीच्या कबुलीशिवाय शिक्षा कायम करता येत नसे, त्यामुळे परलोकातून आलेल्या सूचनेला न्यायालयात काडीची किंमत नव्हती. शेवटी न्यायाधीश रात्री यमलोकाच्या दरबाराचा देखावा उभा करतो आणि घाबरलेल्या आरोपी स्त्रीकडून कबुली मिळवतो. खऱ्या अद्भुताने संशय दिला आणि खोट्या अद्भुताने पुरावा, ही रचना आजच्या लेखकानेही हेवा करावा अशी आहे.

युरोप-अमेरिकेत मात्र गुप्तहेरकथेचा जन्मच भुताला नकार देण्यातून झाला. एडगर ॲलन पो यांच्या १८४१ सालच्या ज्या कथेपासून आधुनिक गुप्तहेरकथा मोजली जाते, तिच्यातले दुहेरी हत्याकांड सुरुवातीला मानवी शक्तीपलीकडचे वाटते, आणि तिचा गुप्तहेर द्युपँ केवळ तर्काच्या बळावर त्याचे अगदी ऐहिक उत्तर शोधून काढतो. पण त्याच शतकात उलट दिशेचा प्रवाहही जोरात होता. १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी फॉक्स भगिनींच्या घरात ऐकू येणाऱ्या टकटकीतून मृतात्म्यांशी संपर्काची चळवळ पसरली, आणि १८८२ साली अशा अनुभवांची शास्त्रीय पद्धतीने छाननी करण्यासाठी लंडनमध्ये एक संस्थाच स्थापन झाली. भुताची साक्ष नोंदवायची, खोलीची मापे घ्यायची, लबाडीची शक्यता आधी तपासायची, ही त्या संशोधकांची कार्यपद्धती म्हणजे कथालेखकासाठी तयार नायकच होता.

त्यामुळे शेरिडन ले फॅन्यू यांच्या १८७२ च्या संग्रहातल्या डॉक्टर हेसेलियसनंतर, ज्याचे काम मुख्यतः प्रकरणांच्या नोंदी जमवण्याचे आहे, खरोखर तपास करणारे नायक येऊ लागले. १८९८ पासून फ्लॅक्समन लो, १९०८ साली अल्जरनॉन ब्लॅकवुड यांचा डॉक्टर जॉन सायलेन्स आणि १९१० पासून विल्यम होप हॉजसन यांचा कार्नॅकी अशी ती रांग आहे. सायलेन्सजवळ स्वतःची अतींद्रिय दृष्टी आहे, आणि नेमकी त्यामुळेच त्याच्या कथा भयकथा म्हणून उत्तम असूनही रहस्यकथा म्हणून सैल पडतात. तो सर्वज्ञ असल्यासारखा येतो आणि वाचक फक्त ऐकत राहतो. कार्नॅकीची गोष्ट वेगळी आहे. त्याच्याकडे जुन्या मंत्रविधींचे ज्ञान आहे, निर्वात नळ्यांना वीज जोडून केलेली संरक्षक पंचकोनी तारकाकृती आहे आणि सोबत कॅमेराही आहे. पण हॉजसन यांची खरी युक्ती या साधनांत नाही. काही प्रकरणांत पिशाच खरे निघते, काहींत ती निव्वळ माणसाची बदमाशी असते, तर एखाद्यात दोन्ही एकत्र येतात. अमुक कथा कोणत्या जातीची आहे हे शेवटपर्यंत ठाऊक नसल्यामुळे वाचकाला प्रत्येक धागा दोन्ही अंगांनी तपासावा लागतो. अद्भुत आहे की नाही हाच इथे रहस्याचा पहिला प्रश्न होतो.

मग बंदी का आली? पहिल्या महायुद्धानंतर रहस्यकथा ही लेखक आणि वाचक यांच्यातली बौद्धिक स्पर्धा मानली जाऊ लागली आणि स्पर्धा म्हटली की नियम आलेच. १९२८ साली रहस्यकथाकार एस. एस. व्हान डाइन यांनी वीस नियम प्रसिद्ध केले आणि प्लँचेट, मनोवाचन, स्फटिकगोलात पाहणे असल्या मार्गांनी गुन्ह्याची उकल करणे निषिद्ध ठरवले. पुढच्याच वर्षी रोनाल्ड नॉक्स यांनी दहा आज्ञा लिहिल्या आणि तिथेही अलौकिक शक्तींना सरसकट मज्जाव केला. नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, म्हणजे चमत्कारांवर त्यांची श्रद्धा होती. त्यांच्याच यादीत योगायोगाने गुप्तहेराला मदत होणे आणि ज्याचा खुलासा करता येत नाही असे अंतर्ज्ञान यांनाही बंदी आहे, हे ध्यानात घेतले की मुद्दा उलगडतो. त्यांचा राग भुतावर नव्हता, फुकट मिळालेल्या माहितीवर होता. १९३० च्या सुमारास लंडनमध्ये स्थापन झालेल्या लेखकांच्या मंडळात तर नव्या सदस्याला दैवी साक्षात्काराचा आधार न घेण्याची शपथच घ्यावी लागे. त्या काळाची आणखी एक गंमत अशी की आर्थर कॉनन डॉयल मृतात्म्यांशी संपर्काचा जाहीर प्रचार करत जगभर व्याख्याने देत होते, आणि त्याच वर्षांत, १९२४ च्या एका कथेत, त्यांचा होम्स आपल्या कामात भुतांना थारा नाही असे ठणकावत होता.

या बंदीला पहिले गंभीर उत्तर विज्ञानकथेतून मिळाले. संपादक जॉन कॅम्पबेल यांचे मत असे होते की विज्ञानकथा आणि गुप्तहेरकथा यांचे जमणे अशक्य आहे, कारण लेखक आयत्या वेळी एखादे नवे यंत्र काढून पेच सोडवू शकतो. ते खोटे ठरवण्यासाठी आयझॅक असिमॉव्ह यांनी ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ लिहिली आणि तिच्या जगाचे नियम वाचकाला आधीच सांगून टाकले. आल्फ्रेड बेस्टर तर त्याच्याही पुढे गेले. त्यांच्या ‘द डिमॉलिश्ड मॅन’ या कादंबरीत, जिला १९५३ साली विज्ञानकथेसाठीचा पहिला ह्यूगो पुरस्कार मिळाला, पोलीस अधिकारी दुसऱ्याचे मन वाचू शकतो आणि खुनी कोण हे त्याला लवकरच कळते. परंतु मनातून वाचलेली गोष्ट न्यायालयात ग्राह्य नसल्यामुळे हेतू, साधन आणि संधी हे तिन्ही त्याला चारचौघांप्रमाणेच सिद्ध करावे लागतात. चिनी न्यायाधीशाचाच हा पेच आहे, फक्त शतक बदलले आहे.

१९६४ पासून रँडल गॅरेट यांनी लॉर्ड डार्सीच्या कथांत निराळी वाटणी केली. त्या जगात जादू हे नियमबद्ध शास्त्र आहे, परंतु गुप्तहेर डार्सीला जादू येत नाही; ती येते त्याच्या सहायकाला, आणि तो ती न्यायवैद्यक तज्ज्ञासारखी वापरतो. जखम याच शस्त्राने झाली का, हे तो मंत्राने सांगू शकतो, पण ते शस्त्र कोणी आणि का चालवले याचे अनुमान डार्सीलाच करावे लागते. मराठी वाचकाला इथे नारायण धारपांचा समर्थ आठवेल, पण समर्थाच्या कथांचा गाभा दुष्ट शक्तीशी झुंजण्यात आहे, गुन्हेगार ओळखण्यात नाही, म्हणून त्या या परंपरेच्या शेजारच्या मानाव्या लागतात.

अलीकडच्या काळात या प्रकारावर सर्वाधिक प्रयोग जपानमध्ये झाले. तिथे अशक्य गोष्ट आधीच मान्य करून तिच्या चौकटीत काटेकोर तर्क चालवणाऱ्या रहस्यकथांची एक शाखाच तयार झाली आहे. मासाया यामागुची यांच्या १९८९ च्या कादंबरीत मेलेली माणसे पुन्हा उठून वावरू लागतात, तर मासाहिरो इमामुरा यांच्या २०१७ च्या कादंबरीत जिवंत प्रेतांच्या वेढ्यामुळेच घराचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो आणि आत खून होतो. यासुहिको निशिझावा यांची १९९५ ची कादंबरी गुप्तहेराच्या शक्तीच्या बाबतीत अधिक शिकवून जाते. तिच्यातल्या तरुणाच्या आयुष्यात अधूनमधून एखादा दिवस एकूण नऊ वेळा घडतो. तो कोणता दिवस असेल हे त्याच्या हातात नाही, आणि नवव्या फेरीत जे घडेल तेच कायम राहणार आहे. आजोबांचा मृत्यू टाळण्यासाठी तो दर फेरीत काहीतरी बदलून पाहतो, तरी ते मरतातच, आणि प्रत्येक नव्या मृत्यूबरोबर आधी बांधलेला तर्क मोडतो. शक्तीचे सगळे नियम लेखकाने सुरुवातीलाच उघड केलेले आहेत, आणि शेवटी उकलीची किल्लीही त्या नियमांतच सापडते.