मीटर म्हणे बारा व्होल्ट, हॉर्न मात्र मुका

डिसेंबरात अंबाजोगाईहून लातूरला जायचं म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरांमागून जायचं. एका हेडाला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागे लाल दिवा असला तर असला. वर टेप मोठ्यानं लावलेला. अशा ट्रॅक्टरच्या बाजूनं पुढं निघताना चालकाला आपण आलोय हे कळवायला हॉर्नशिवाय दुसरं काही हाताशी नसतं. त्या संध्याकाळी मी स्टेअरिंगच्या मधोमध तळवा दाबला आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबला, तरी तेच. रेणापूर फाट्यापर्यंत मी त्या ट्रॉल्यांच्या मागंच राहिलो.

गेले काही महिने हॉर्नचा घसा बसल्यासारखा झाला होता. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरी तिकडं लक्ष दिलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोनेट उघडलं. जाळीच्या मागं एका लोखंडी पट्टीवर दोन हॉर्न बसवलेले. दोन्ही हॉर्नच्या वायरी काढल्या, मीटरची लाल टोकणी एका वायरीत घातली, काळी त्या पट्टीला लावली आणि पुतण्याला बटण दाबायला सांगितलं. आकडा आला 12.4. वीज येतेय, म्हणजे हॉर्नच गेला, असा निष्कर्ष काढून मी नवा हॉर्न घ्यायला गेलो. दुकानाशेजारी गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक चाचा बसतात. माझं सगळं ऐकून ते म्हणाले, ‘सर, मीटर व्होल्ट दाखवायलंय, पण त्यात दम हाय का ते कुठं बघितलं तुम्ही?’

त्यांनी मागच्या ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब घेतला. त्याला दोन वायरी जोडलेल्या होत्या. मी जिथं मीटर लावला होता, बरोबर तिथंच त्यांनी तो बल्ब लावला. पुतण्यानं बटण दाबलं. बल्बची तार विझत आलेल्या निखाऱ्यासारखी जरा तांबूस झाली, एवढंच.

‘दम’ म्हणजे काय, हे ठिबकवाल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. फिल्टर गाळानं भरला असेल आणि पुढचे सगळे कॉक बंद असतील, तर फिल्टरच्या अलीकडचं आणि पलीकडचं घड्याळ सारखाच दाब दाखवतं. कॉक उघडा, पाणी वाहू लागलं की पलीकडचा काटा खाली पडतो. वाहत्या पाण्यालाच अडथळा जाणवतो, थांबलेल्याला नाही. विजेचंही अगदी तसंच आहे. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण 1 कोटी ओहम असतो, त्यामुळं त्यातून जवळजवळ प्रवाह जातच नाही. वाटेत 10 ओहमचा गंजका सांधा असला, तरी मीटरला त्याचा पत्ता लागत नाही. हॉर्नला मात्र वाजण्यासाठी चार-पाच अँपिअर लागतात. वाजताना त्याचा सरासरी रोध अडीच ओहम धरा. मग एकूण झाले साडेबारा ओहम. बारातले 9.6 व्होल्ट त्या गंजावरच खर्च होतात आणि हॉर्नच्या वाट्याला 2.4 उरतात. अडीच व्होल्टवर हॉर्न वाजत नाही. दोन हॉर्न एकाच सांध्यावर असतील, तर एवढंही पदरात पडत नाही.

एवढा प्रवाह लागतो कशाला, हे हॉर्न उघडला की दिसतं. चाचांच्या टोपलीत एक फुटका हॉर्न होता. तो मी मागून घेतला आणि वर्गात नेला. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे विद्युतचुंबक. त्याच्यासमोर पोलादाचा पातळ पडदा, पडद्याच्या मध्याला लोखंडाचा तुकडा पक्का केलेला. वेटोळ्यातून वीज गेली की चुंबक त्या तुकड्याला ओढून घेतो. पडदा आत दबतो, आणि दबता दबता तो तुकडा एका पातळ पत्तीला ढकलून दोन पॉइंट एकमेकांपासून सोडवतो. पॉइंट सुटले की वीज तुटली, चुंबक मेला, पडदा आपल्या ताठरपणानं मागं आला आणि पॉइंट पुन्हा टेकले. जुन्या शाळांमध्ये विजेची घंटा वाजायची, तिची युक्ती हीच. फक्त घंटेचा टोला सेकंदाला थोड्याच वेळा पडतो, हॉर्नचा पडदा चारशे-पाचशे वेळा हलतो. गाडीला बहुधा दोन हॉर्न असतात, एक साधारण 400 हर्ट्झचा आणि दुसरा 500 च्या जवळपासचा. हे प्रमाण चारास पाचाचं, म्हणजे षड्ज आणि शुद्ध गंधाराचं. म्हणूनच चांगल्या गाडीचा हॉर्न भरदार वाटतो. गोंगाटातूनही तो वेगळा ऐकू येतो.

आता विजेची वाट. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, रिलेपासून हॉर्न आणि हॉर्नपासून गाडीच्या लोखंडी अंगातून परत बॅटरीच्या ऋण टोकाला. या परतीच्या वाटेला आपण ‘अर्थ’ म्हणतो, पण तिचा जमिनीशी काही संबंध नाही. स्टेअरिंगवरचं बटण या मोठ्या प्रवाहाला हातही लावत नाही. ते रिलेमधल्या छोट्या वेटोळ्याचा परिपथ पुरा करतं. तिथं प्रवाह अँपिअरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढाच असतो. ते वेटोळं आत एक पत्ती ओढतं, पत्ती टेकली की मोठा प्रवाह सुटतो. दाराशी बसलेल्या राखणदारानं इशारा मिळताच वेशीचं फाटक उघडावं, तसं.

म्हणून पहिली परीक्षा कानानं घ्यावी. इंजिन बंद ठेवून एकानं बटण दाबावं, दुसऱ्यानं फ्यूजच्या डब्याशी कान द्यावा. ‘टक’ ऐकू आलं तर बटण, स्टेअरिंगमधली वायर आणि रिलेचं वेटोळं ठीक आहेत. दोष पुढं आहे. ‘टक’ आलंच नाही तर आधी फ्यूज बघा. बहुतेक गाड्यांत तो 10 किंवा 15 अँपिअरचा असतो, दहाचा लाल आणि पंधराचा निळा. त्याच डब्यात त्याच नंबरचा दुसरा रिले बहुधा असतोच, तो अदलाबदल करून पाहायला दोन मिनिटं लागतात.

फ्यूज बदलला आणि पुन्हा उडाला, तर तिथं थांबायचं. कुठंतरी वायर सोलून लोखंडाला टेकलेली आहे. ज्वारी-हरभरा निघाला की रानातले उंदीर उभ्या गाडीच्या बोनेटमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात. अशा वेळी मोठा फ्यूज घालणं किंवा फ्यूजच्या जागी तार गुंडाळणं म्हणजे गाडीला आग लावायची तयारी करणं. हे मी रस्त्याकडेच्या दुकानात होताना पाहिलंय, आणि ते करू नका असं प्रत्येकाला हात धरून सांगावंसं वाटतं.

फ्यूज-रिले चांगले असूनही ‘टक’ नाही, तर संशय स्टेअरिंगवर. फिरणाऱ्या चाकातून न फिरणाऱ्या भागात वीज न्यायची कशी, हा मूळचा अवघड प्रश्न. जुन्या गाड्यांत पितळी कडं आणि त्यावर घासणारा ठोकळा असे. एअरबॅगच्या गाड्यांत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी पट्टी असते, स्टेअरिंग फिरेल तशी ती उलगडते आणि आवळते. कधीतरी ती पट्टी तुटते. स्टेअरिंग एका बाजूला वळवल्यावर हॉर्न वाजतो आणि सरळ केल्यावर बंद पडतो, किंवा हॉर्न गेला त्याच दिवशी एअरबॅगचा दिवा पेटला, तर बहुधा हीच भानगड. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींमध्ये चालकासमोरची एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळं अलीकडच्या गाडीत ती असणारच. स्टेअरिंगचं मधलं झाकण घरी उघडू नका. त्याच्या आत स्फोटानं फुगणारी पिशवी आहे. हे काम जाणकाराचंच, आणि तेही बॅटरी सोडवून.

‘टक’ येतंय, बल्बही लख्ख पेटतोय आणि तरी हॉर्न गप्प, अशा वेळीच हॉर्नवर बोट ठेवायचं. पान्यानं हलकेच टकटक केल्यावर तो क्षणभर बोलला, तर आतले पॉइंट अडकलेत. जुन्या हॉर्नच्या पाठीला एक स्क्रू असतो. झिजलेल्या पॉइंटची जागा तो सावरतो. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नये.

माझ्या गाडीत चाचांनी यातलं काहीच केलं नाही. हॉर्नच्या वायरी परत जोडल्या, बॅटरीच्या ऋण टोकापासून एक लांब वायर आणली आणि हॉर्नच्या पट्टीला टेकवली. पुतण्याचा हात बटणावर होताच. हॉर्न एवढ्यानं ओरडला की शेजारच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. वाट उलगडली. पट्टी गाडीच्या अंगाला एकाच बोल्टनं जोडलेली होती आणि दोन्ही हॉर्नचा अर्थ त्याच बोल्टमधून जात होता. 10 नंबरच्या पान्यानं तो सोडला, तेव्हा वायसरखालून गंजाचा भुगा सांडला. लोखंडाचा गंज वीज नीट वाहू देत नाही. पॉलिश पेपरनं दोन्ही बाजू चकाकेपर्यंत घासल्या, बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवला, म्हणजे पाऊस-चिखल परत आत शिरायला नको.

मग त्यांनी माझाच मीटर मागितला. काळी टोकणी बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल पट्टीला, आणि हॉर्न वाजत असताना आकडा वाचायला सांगितला. 0.1 व्होल्ट. त्याच मीटरनं आता खरं सांगितलं, कारण वाटेतून प्रवाह वाहत होता.

चाचा तरी कान टवकारून उभे होते. ‘एकच वाजायलंय,’ ते म्हणाले. दुसऱ्या, शंखाच्या आकाराच्या हॉर्नच्या तोंडात त्यांनी सायकलची तार घातली आणि वाळलेल्या चिखलाचा बोटाएवढा गोळा बाहेर काढला. कुंभारमाशीचं घर. आत अळ्यांसाठी कोंबून ठेवलेल्या सुरवंटांची टरफलं होती. हॉर्न जमिनीकडं तोंड करून परत बसवला. पुतण्यानं बटण दाबलं आणि आवाजात मी कितीतरी दिवसांत न ऐकलेला गंधार आला.