विंडो पीरियड वेगळा, लक्षणं नसलेली वर्षं वेगळी

एचआयव्हीच्या बाबतीत ‘काही कळून येत नाही’ असे दोन काळ असतात आणि लोक ते सर्रास एकच धरतात. मग कुणी असुरक्षित संबंधानंतर आठवड्याभरातच तपासणी करून निर्धास्त होतं, तर कुणी ‘मला काही होतच नाही, तपासायचं कशाला?’ म्हणत वर्षं घालवतं.

विंडो पीरियडमध्ये विषाणू शरीरात असतो, पण तपासणीत सापडत नाही. बोटातून थेंबभर रक्त घेऊन ज्या पट्टीवर टाकतात, ती पट्टी सहसा विषाणूला नव्हे, तर त्याच्याविरुद्ध शरीरात तयार झालेल्या अँटिबॉडींना शोधते. त्या पुरेशा नसल्या की पट्टीवर कंट्रोलची (पट्टी नीट चालते आहे, एवढंच सांगणारी) एकच रेघ उमटते आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. अशा तपासणीसाठी हा काळ 23 ते 90 दिवसांचा धरतात. शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत होणारी तपासणी पी-24 हे विषाणूचं प्रथिनही शोधते, त्यामुळे तिथे तो 18 ते 45 दिवसांवर येतो. म्हणूनच घाईने केलेल्या तपासणीनंतर, मुदत उलटल्यावर पुन्हा तपासायचंच. नेमक्या याच दिवसांत रक्तातला विषाणू प्रचंड वाढलेला असतो, तेव्हा निगेटिव्ह रिपोर्टच्या भरवशावर कंडोम सोडू नये. (आणि जोखीम घडून 72 तास उलटले नसतील, तर तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टर गाठा. पीईपीच्या, म्हणजे संसर्ग टाळण्यासाठी जोखमीनंतर घ्यायच्या गोळ्या त्या वेळेतच सुरू व्हाव्या लागतात.)

दुसरा काळ याच्या अगदी उलटा. तपासणीत विषाणू स्वच्छ सापडतो, पण माणसाला काहीच जाणवत नाही. सुरुवातीला आलाच तर साध्या फ्लूसारखा ताप येऊन जातो. पुढे उपचारांविना 8-10 वर्षंही अशीच जाऊ शकतात. आत प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडी-4 पेशी घटत राहतात. त्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे 200 च्या खाली गेल्या की एड्सची अवस्था.

पूर्वी सीडी-4 घसरेपर्यंत औषधं लांबवत. 2015 मध्ये ‘स्टार्ट’ या रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासाने लगेच उपचार सुरू करण्यात हित असल्याचं दाखवलं, आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने निदान होताच औषधं द्या, असं सांगितलं. औषधांनी विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही.

विंडो पीरियड आपोआप सरतो. ही वर्षं मात्र तपासणीशिवाय उघडी पडत नाहीत, म्हणून मला ‘संशय आला तर तपासा’ हा सल्ला अपुरा वाटतो. प्रत्येकाने एकदा तरी, आणि जोखीम चालू असेल तर वर्षातून किमान एकदा, तपासणी करून घ्यावी.