‘टेम्पेस्ट’ हा शेक्सपिअरचा निरोप नव्हे

दुःखाच्या काळात शोकांतिका, मग मन निवलं आणि ‘टेम्पेस्ट’ हे नाटक लिहून रंगभूमीचा निरोप: शेक्सपिअरचं हे चित्र रुजवलं एडवर्ड डाउडन यांनी. कॉर्कला 1843 साली जन्मलेले हे समीक्षक 1867 पासून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात प्राध्यापक होते. 1875च्या ग्रंथात त्यांनी नाटकांतून कवीचं मन वाचलं. 1877च्या छोट्या पुस्तकात त्याचे चार टप्पे पाडले.

नाटकांचा क्रम बऱ्यापैकी पक्का आहे. जुन्या नोंदी आहेतच, शिवाय उत्तरोत्तर यमकं घटतात आणि वाक्यं ओळ ओलांडून पुढे वाहतात. पण यमकं मोजून मनःस्थिती कशी कळणार? मुलगा हॅम्नेट 1596 साली गेला, ‘ट्वेल्फ्थ नाइट’सारखी सुखात्मिका त्यानंतरची. आणि ‘टेम्पेस्ट’नंतरही नाटककार जॉन फ्लेचरबरोबर ‘आठवा हेन्री’ लिहिलं गेलंच. 1613 साली या नाटकाच्याच प्रयोगात तोफेच्या ठिणगीने ग्लोब नाट्यगृह जळालं.